फोनवर सांगायचं नसतं

९ जून २०२१, एंटेबे विमानतळ

कारखान्यात पाळी संपली की वहीत चार ओळी लिहायच्या, ही जुनी सवय. पाक आटवायचा कुठला पॅन कधी सोडला, साखरेचा दाणा कसा धरला, वाफ पुरली का. आज त्याच वहीत दुसरंच लिहायला बसलोय.

सोमशेखर गेला. कोरोनानं. शनिवारी सकाळी दवाखान्यातून फोन आला आणि दुपारपर्यंत सगळं उरकलंही. इथल्या नियमानं माणूस घरच्यांच्या हातात देत नाहीत. इथं त्याच्या घरचं होतं तरी कोण? मीच. तारेच्या कुंपणाबाहेर उभा राहून बघितलं. पांढऱ्या पोशाखातल्या चौघांनी त्याला खाली सोडलं. पुरलं, एवढंच त्यातल्या त्यात बरं. लिंगायतांत पुरतातच. पण त्यांच्यात बसवून पुरतात आणि गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवून मग माती लोटतात. ते लिंग तेव्हा माझ्या पिशवीत होतं. दवाखान्यात यंत्राला लावताना त्याच्या गळ्यातून काढलेलं, नर्सनं नंतर माझ्याकडं दिलं. मोबाईल, चष्मा आणि दोऱ्यासकट चांदीची डबी. सगळ्यावर औषध फवारलेलं.

मी गारगोटीचा, तो चंदगड तालुक्यातला, कर्नाटकाच्या अंगाचा. युगांडातल्या या साखर कारखान्यात आम्ही एका पाळीला होतो आणि एका खोलीत राहत होतो. रात्रपाळी करून आला असो की अंगात ताप असो, आंघोळ आणि लिंगाची पूजा झाल्याशिवाय तो पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा नाही. मी चहा करून ठेवायचो, तो वर बशी झाकायचा. मी म्हणायचो, "स्वामी, गार झाला की." तो म्हणायचा, "होऊ दे गार. आधी त्याला, मग मला." मग गार चहा असा मिटक्या मारत प्यायचा की मलाच माझा गरम चहा कमअस्सल वाटायचा.

त्याचा थोरला भाऊ शंकरप्पा. त्याचा काल फोन आला होता, अव्वाबद्दल, म्हणजे त्यांच्या आईबद्दल.

"जोतीराम, अव्वाला अजून सांगितलेलं न्हाय. तीबी आत्ताच त्याच दुखण्यातनं उठलीया. तू लिंग घेऊन ये. बाबांच्या समाधीशेजारी जागा केलीया. समदी गोळा झाली की तिला घरात बसवून सांगतो. असलं फोनवर सांगायचं नसतंय."

"आन् मला विचारलं तर?"

"सोमू बरा झालाय, तुझ्याबरोबरच येतोय म्हण. घशात नळी घातलती, आवाज बसलाय, डाक्टरनी बोलू नको म्हटलंय म्हण."

मी बरं म्हणालो. आमच्याकडंही असंच करतात. लांबच्या माणसाला 'तब्येत जास्त आहे, निघून ये' एवढंच कळवतात. बाकीचं दारात आल्यावर.

१० जून, आखातातलं विमानतळ

इथं उतरलो आणि पुढचं मुंबईचं विमान रद्द झाल्याचं पाटीवर दिसलं. कधी आहे, ते कोणी सांगत नाही. काउंटरवरची बाई म्हणते बसा. बाहेर जाता येत नाही, कारण व्हिसा नाही. आतच बसायचं.

तपासणीत पिशवी अडवली. पडद्यावर काळा गोल ठिपका दिसत होता. अधिकाऱ्यानं बोट लावून विचारलं, हे काय? मी म्हणालो, "गॉड." तो म्हणाला, "ओपन." मला पुढचं इंग्रजी सुचेना. मी नुसतेच हात जोडले.

मागून आवाज आला, "पावणं, कोल्हापूरचं काय?"

मी वळून बघितलं. तोंडावर दोन मास्क, त्यावर प्लास्टिकची काच, पाठीला बोजा. माझ्या बायकोच्या, क्रांतीच्या भाचीएवढी पोरगी असेल. मी म्हणालो, "कशावरनं ओळखलंस?"

"मगाशी फोनवर कुणाला तरी 'व्हय की, व्हय की' करून दहा माणसं उठवलीसा ते."

तिचं नाव निशिगंधा. शाहूपुरीतली. रवांडात एका संस्थेत काम करते, तीही मुंबईच्या विमानासाठी अडकलीय. तिनं अधिकाऱ्याला सगळं समजावलं. त्यानं हात लावला नाही, पण उघडून दाखवावं लागलंच. मी डबी उघडली. पांढऱ्या कापडात काळंभोर, गुळगुळीत, आवळ्याएवढं. मी ते आज पहिल्यांदा बघितलं. तो पूजेला बसला की मी पाठ करून बसायचो, आणि आज अनोळखी माणसांच्या घोळक्यात मीच उघडून दाखवत होतो. अधिकारी म्हणाला, "ओके." त्याच्या लेखी संपलं.

११ जून

सोमशेखरच्या मोबाईलवर आज अव्वाचा फोन आला. पडद्यावर तिचा फोटो येतो, डोक्यावर पदर, मागं काजूचं झाड. उचलू की नको करत शेवटी उचलला. तिचं नाव शांतव्वा, पण त्याच्या तोंडून ऐकून ऐकून मीही अव्वाच म्हणतो. पोराशी ती कानडीत बोलते, माझ्याशी मराठीत.

"कोण? जोतीराम काय? सोमू कुठं हाय?"

"हितंच हाय अव्वा. डाक्टरांच्या खोलीत ठेवलाय. आवाज बसलाय त्याचा, बोलू देत न्हाईत."

"खातोय काय?"

शंकरप्पानं एवढं सांगितलं नव्हतं, पण मी वेळ निभावून नेली. "खातोय की. आज उठल्या उठल्या चहा-बिस्कुटं घेतली. मग वाटीभर उपमा खाल्ला. आन् मग बसून पूजाबी केली." पूजेचं मी आपणहून घातलं. तिला बरं वाटावं म्हणून.

पलीकडून काहीच आवाज आला नाही. मी दोनदा हॅलो म्हणालो. रेंज गेली असं वाटलं, पण कोंबड्यांचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "बरं."

आणि जरा वेळानं म्हणाली, "तू खाल्लंस काय, मगा?"

मगा म्हणजे कानडीत लेक. मी म्हणालो, "अव्वा, मी जोतीराम." ती म्हणाली, "व्हय, तुलाच इचारतोया." वय झालंय, त्यात दुखण्यातून उठलीय. सोमू पलीकडच्या खोलीत आहे म्हटल्यावर गोंधळली असेल.

फोन ठेवला आणि सुटल्यासारखं वाटलं. खोटं बोललो, पण चांगलं बोललो.

१२ जून

निशिगंधाकडं घरच्या चटणीची तळाला गेलेली बाटली आहे. पावात घालून दिली. डोळ्यांतून पाणी आलं. ती म्हणाली, "काका, तिखटानं की आठवणीनं?" मी म्हणालो, "दोन्हीनं." ती म्हणाली, "मग पुढच्या टायमाला निम्मीच घालते."

अव्वानं आज परत फोन केला. सोमूचं काही विचारलं नाही. तिथं थंडी आहे का, पांघरूण आहे का, झोपतोस कुठं, असलंच. मी म्हणालो, खुर्चीवर. ती म्हणाली, "पाय वर घेऊन झोप. आन् सोमूच्या सामानात देवाधर्माचं काय आसंल तर उशाला ठेव. पायताणाशेजारी नको." बसवण्णांचा फोटो वगैरे असेल असं तिला वाटत असणार. मी व्हय म्हणालो.

फोन चालू असताना निशिगंधा शेजारीच होती. तिला मी सगळं सांगितलेलं आहे. म्हणाली, "काका, आजी रडत हुत्या काय?"

"न्हाय."

"एकदाबी न्हाय? लेक परदेशात दवाखान्यातनं उठलाय, आवाज गेलाय म्हणताय, आन् आई एकदाबी रडली न्हाय? 'त्याच्या कानाला फोन लाव' म्हणाली न्हाय?"

"खंबीर बाई हाय," मी म्हणालो. ती बाटलीचं टोपण घट्ट करत बसली.

१४ जून

काल निशिगंधा गेली. तिला जागा मिळाली. माझं नाव पुकारलं तेव्हा मीही उठलो होतो, पण काउंटरवर कागद बघितले आणि बाजूला काढलं. दोन कारणं. एक, माझी कोरोनाची तपासणी जुनी झाली, आता नवी पाहिजे. दुसरं, युगांडात साथ वाढल्यामुळं तिथून आलेल्यांना पुढं न्यायचं की नाही, याचा नियम बदललाय. निशिगंधा रवांडाहून आली, ती सुटली. जाता जाता उरलेली चटणी मला देऊन गेली.

तपासणी आतल्या दवाखान्यात होते. तिथं म्हणतात, आधी विमान कंपनीची चिठ्ठी आणा. कंपनी म्हणते, आधी तपासणी आणा. दिवसभर दोघांच्या मधे फिरलो. संध्याकाळी एक वरिष्ठ आला. तो म्हणाला, युगांडाचे जेवढे आहेत त्यांना बहुतेक परत पाठवतील.

परत. तेवढं ऐकलं आणि खाली बसलो.

वहीत खोटं कशाला लिहू? हे नुसतं सोमशेखरसाठी नाही. मलाही घरी जायचंय. त्याचं लिंग पोचवायचं हे कारण नसतं तर कारखान्यानं हंगामाच्या मधे मला सोडलंच नसतं. आज बसल्या बसल्या असंही मनात आलं, की समज मी परत गेलो आणि लिंग कुरिअरनं पाठवलं, तर काय बिघडलं? माणूस तर गेलाच. मातीखाली काय आहे, काय नाही, हे कोण बघतं?

मग कुंपणाबाहेरून बघितलेलं आठवलं. त्याचे हात दिसत नव्हते. सगळा गुंडाळलेला होता. पण त्यातला डावा हात रिकामा आहे, हे तिथल्या तिथं मला एकट्याला माहीत होतं.

१५ जून

आज युगांडाच्या आम्हा सगळ्यांना दुसऱ्या इमारतीत हलवलं. तिथं तपासणी करणार आणि जे निगेटिव्ह येतील त्यांना सोडायचा विचार करणार, असं म्हणाले. दारात मोठ्या पिंपासारख्या पेट्या ठेवल्या होत्या. हातातलं सगळं सामान तिथं जमा करायचं. औषध मारून सील करणार आणि उतरल्यावर पट्ट्यावर मिळणार. माझी मोठी बॅग आधीच कुठं गेलीय ते कोणाला माहीत नाही. अंगावरचं तेवढं ठेवा म्हणाले. मोबाईल, पासपोर्ट, चष्मा, ही वही. खिसे रिकामे.

मी डबी मुठीत धरली. रांग पुढं सरकत होती. पोलिसानं मूठ उघडायला लावली आणि पेटीकडं बोट केलं. मी म्हणालो, "रिलिजन." तो खुणेनं म्हणाला, मग गळ्यात घाल, हातात नाही.

माझ्या पुढच्या माणसाच्या गळ्यात क्रॉस होता. तो तसाच आत गेला होता.

मी मराठ्याचा. आमच्यात लिंग बांधत नाहीत. ज्याला बांधलंय त्याचं दुसऱ्यानं घालायचं नसतं, हात लावतानाही विचारायचं असतं, एवढं मला कळतं. सोमशेखर असता तर काय म्हणाला असता? "जोत्या, ठेव खाली," असं म्हणाला असता? तो कधी मोठ्यानं बोलायचा नाही, पण या एका बाबतीत बोलला असता.

मागचा माणूस ढकलत होता. मी दोरा डोक्यातून घातला. चांदी छातीला गार लागली. आणि आत गेलो.

शंकरप्पाला हे कसं सांगायचं, ते अजून सुचलेलं नाही. अव्वाला तर नाहीच.

१६ जून

नाकात काडी घालून तपासणी झाली. निकाल उद्या.

सकाळी चहाचा कागदी कप दिला. तोंडापर्यंत नेला आणि थांबलो. गळ्यात ते आहे. मी पूजा करत नाही, मला येतही नाही. पण जो माणूस हे घालून पाण्याचा थेंब घेत नव्हता, त्याचं घालून बसल्या जागी चहा कसा मारायचा? उठून तोंड-हात धुतले, ओल्या हातानं छातीला हात लावून जरा वेळ भिंतीकडं तोंड करून बसलो. मग प्यायलो. गार झाला होता.

अव्वाचा फोन आला. तिला सांगितलं, विमान अजून नाही, पण होईल. ती म्हणाली, "घाई नगं करूस. हितं कुणाचं काय आडलं न्हाय." सोमू येतोय आणि हिला घाई नाही! मग म्हणाली, "मगा, त्येचं जे काय तुझ्याजवळ हाय, ते छातीला लागून ठेव. गार पडू देऊ नगंस."

मी चमकलो. इथं मी काय केलंय ते हिला कुठून कळणार? विचार केला तेव्हा लक्षात आलं, मोबाईलबद्दल म्हणत असेल. सोमूच तिला सांगायचा, थंडीत बॅटरी उतरते म्हणून.

१७ जून

निगेटिव्ह. मुंबईचं विमान उद्या. नाव लागलंय.

शंकरप्पाला कळवलं. तो म्हणाला, "अव्वाला शंका हाय काय रे?" मी म्हणालो, "जराबी न्हाय. मी चांगलं सांभाळलंय." तो म्हणाला, "लई उपकार झालं बघ. आमाला घरात तिच्या तोंडाकडं बघवत न्हाय. ती तर उलट आमालाच जेवा जेवा करतीया."

२० जून, मुंबई

आखातातून आलेल्यांना सरकारी नियमानं हॉटेलात कोंडलंय. हातावर शिक्का. दारात डबा ठेवतात आणि बेल वाजवून पळतात. हातातली पिशवी मिळाली, त्यात चटणीची बाटली फुटून सगळे कपडे लाल झालेले. मोठी बॅग मिळालीच नाही. त्यात सोमशेखरचे कपडे होते आणि अव्वासाठी त्यानं घेतलेली शाल. डबी मुठीतून पेटीत टाकली असती तर?

अव्वा रोज फोन करते. आज मला तिनं दुधातल्या शेवयांची कृती सांगितली, हॉटेलात कुठून करणार ते देव जाणे. मीही ऐकून घेतली. आता मलाच तिच्या फोनची वाट असते. क्रांतीशी बोलतो तेव्हा ती दर वाक्याला रडते, त्यामुळं मला धीर धरावा लागतो. अव्वाशी बोलताना तसं होत नाही. तिला काही माहीत नाही म्हणून असेल.

२५ जून, गारगोटी

घरी आलो. क्रांतीनं लांबूनच पाणी ओतलं, मग रडून घेतलं. शर्ट काढताना तिला दोरा दिसला.

"ह्ये काय?"

सांगितलं.

"तुमी घातलंय? चालतंय काय?"

"माहीत न्हाय."

"मग काढा की."

"उद्या काढतो. उद्या त्यांच्या हातात देतो." माझं अंथरूण तिनं दारातल्या चपलांपासून लांब टाकलं आणि डोक्याखाली पाट ठेवला. कशाला विचारलं तर म्हणाली, "असू दे."

२६ जून, गारगोटी

सकाळी आंघोळ केली. चहा नको म्हटलं. मोटारसायकलवर निघालो ते चंदगडच्या पलीकडं त्यांच्या गावात पोचेपर्यंत काही घेतलं नाही.

अंगणात माणसं बसली होती, लांब लांब, मास्क लावून. भावकी, त्यांचे स्वामी, दोन शेजारणी. शंकरप्पानं डोळ्यांनी खूण केली. अव्वा सोप्यात पाटावर बसली होती. फोटोतल्यापेक्षा पुष्कळ लहान. मला बघून उठायला लागली, तर शंकरप्पानं तिला धरून बसवलं आणि समोर खाली बसला.

"अव्वा, मन घट्ट कर. तुला एक सांगायचं हाय..."

"गप रं," ती म्हणाली. "आधी त्यो पोरगा आलाय, त्येला पाणी द्या." माझ्याकडं बघून म्हणाली, "खाल्लंस काय?"

"न्हाय अव्वा. सकाळधरनं काय न्हाय."

"बराबर हाय. पूजेआधी खायाचं नसतंय." आणि मग शंकरप्पाकडं वळून, आवाज न चढवता, "सोमू गेल्याचं मला ठावं हाय. किती दिस झालं."

शंकरप्पा म्हणाला, "कुणी सांगितलं?"

"ह्येनं." तिनं माझ्याकडं हात केला. "सोमूनं उठल्या उठल्या चहा घेतला, उपमा खाल्ला, मग पूजा केली म्हणाला. सात वर्साचा आसताना लिंग बांधलं त्येला. ताप आसू दे, परीक्षा आसू दे, पूजेआधी माझ्या लेकराच्या तोंडात पाणी गेलं न्हाय. तवाच कळलं, ह्यो मला आपल्या मनानं रचून सांगतोया. जित्या माणसाचं रचून सांगावं लागतंय व्हय?"

मी चांगलं सांभाळलंय असं सगळ्यांना सांगत फिरलो होतो.

शंकरप्पाला हुंदका आला. "मग बोलली का न्हाईस अव्वा? आमी हितं तुला जपतोय, आन् तू..."

"कुणाम्होरं बोलू? तुमी समदी मला जपत हुतासा, जपू दिलं. आन् त्यो तिकडं एकटा. मी फोनवर गळा काढला आसता तर त्येनं काय केलं आसतं? खुर्चीवर झोपत हुता पोरगा. कोण हुतं त्येला धरायला?" तिनं पदर सारखा केला. "आसलं फोनवर बोलायचं नसतंय."

मी तेव्हा रडलो. युगांडात कुंपणाबाहेर रडलो नव्हतो, विमानतळावर नाही, हॉटेलात नाही. शेजारणी रडायला लागल्या, शंकरप्पा रडला. अव्वा मात्र वाट बघत बसली, आमचं होईपर्यंत. मग तिची पाळी आली. कानडीत रडली. मला शब्द कळले नाहीत, फक्त 'मगा' तेवढं कळत होतं, आणि ते आता माझ्यासाठी नव्हतं.

बऱ्याच वेळानं स्वामींनी विचारलं, "लिंग कुठं आहे?"

मी शर्टाचं वरचं बटण काढलं. अंगणात कुजबुज झाली. मी सगळं सांगितलं. पेट्या, पोलीस, मूठ. म्हणालो, "घालायला नको हुतं. दुसरं सुचलं न्हाय." स्वामींच्या कपाळावर आठी आली. ते काहीतरी बोलणार होते, पण अव्वानं विचारलं, "भुईवर ठेवलंस काय कवा?"

"न्हाय."

"गळ्यात आसताना कसं खाल्लंस-प्यालास?"

"तोंड-हात धुवून, जरा बसून. रोज. पूजा येत न्हाय मला."

"वाक खाली," ती म्हणाली.

मी वाकलो. दोरा काढायला तिचे हात पुरेनात, तर मीच गुडघ्यावर आलो. तिनं तो माझ्या डोक्यातून काढला, मग स्वामींकडं बघून म्हणाली, "त्येला कोण आणत हुतं, स्वामी? ह्येनंच आणलं." स्वामींनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही, पण विभूती घेऊन ते रानाकडं निघाले.

रानात बापाच्या समाधीशेजारी खड्डा काढून ठेवला होता. स्वामींनी मंत्र म्हणून विभूती लावली. खाली ठेवायच्या आधी अव्वानं लिंग स्वतःच्या डाव्या तळहातावर घेतलं आणि तशीच उभी राहिली. कोणी घाई केली नाही. मग शंकरप्पाला धरून ती खाली उतरली आणि तळहात उलटा न करता, दुसऱ्या हातानं उचलून, मातीवर ठेवलं.

त्यानंतर मला जेवायला वाढलं. शेवया होत्या.

२८ जून

काल लिहिलं नाही. दिवसभर झोपलो.

कारखान्यातून विचारणा आली, परत कधी येणार. विमानं चालू झाली की बघू म्हटलं. खोलीत दुसरा माणूस देतो म्हणाले. दिला तर दिला.

सोमशेखरचा मोबाईल द्यायचा राहिला होता, तो परवाच शंकरप्पाकडं दिला. आता अव्वाचा फोन माझ्या मोबाईलवर येतो. तिच्या नातवानं नंबर घालून दिलाय. काल तिनं क्रांतीशीच बोलून घेतलं. काय बोलल्या ते क्रांती सांगत नाही.

सकाळी क्रांतीनं चहा आणून ठेवला आणि ती गोठ्याकडं गेली. परत आली तेव्हा मी कपाकडं बघत बसलो होतो. हात छातीवर होता. तिथं आता काही नाही.

"अवं, गार झाला की," ती म्हणाली.

मी उठलो, मोरीत जाऊन तोंड-हात धुऊन आलो. जरा बसलो. मग प्यायलो.